आप्पांचं शून्याचं तिकीट

गाडीत चढलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे आप्पा आधी कार्ड मागत नसत. विचारत, "अव्वा, रझाकार आठवतात का?"

आमच्या शेजारच्या गंगाबाईला त्यांनी पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा मी मागच्याच सीटवर होतो. गंगाबाई म्हणाली, "आठवत न्हाईत. पर आत्याच्या कडेवर व्हते म्हनं. समदं गाव शिवारात लपाया गेलतं."

"चालत व्हतात का रांगत?"

"आता मला काय दखल? कडेवर व्हते म्हनल्यावर रांगतच आसंन."

"दात आलते का?"

"आप्पा, गेलेले किती ते सांगते. आलेले कुठून सांगू?"

सगळी गाडी हसली. आप्पांनी हसू दाबून रझाकारांच्या अठ्ठेचाळीस सालापासून बोटांवर वर्षं मोजली आणि निकाल दिला, "बसा. झाली पंच्याहत्तर." त्यांच्या हातातल्या यंत्रानं कुर्रकुर्र करून कागदाची पट्टी बाहेर टाकली. त्या पट्टीवर भाड्याच्या जागी शून्य होतं. ती पट्टी त्यांनी गंगाबाईच्या हातात अशी ठेवली की जणू देवळातला अंगारा देत आहेत.

महालिंग आप्पा म्हणजे आमच्या गाडीचे कंडक्टर. कंधारहून संध्याकाळी निघून आमच्या बाभूळदऱ्याला मुक्कामी येणारी आणि सकाळी परत जाणारी ती लाल गाडी. डोंगराच्या कडेनं तासाभराचा रस्ता, मध्ये चार तांडे-वाड्या, आणि शेवटी आमचं गाव. त्यापुढं रस्ताच नाही. आप्पा मूळचे उदगीरकडचे, कर्नाटकाच्या अंगाचे. त्यामुळं प्रत्येक म्हातारी त्यांची अव्वा, म्हणजे आई. आणि साऱ्या म्हाताऱ्या त्यांना आप्पा म्हणत.

आप्पा याच वर्षी गेले. निधनाची बातमी मोबाइलवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "मनमिळाऊ होते." आमच्या गावातल्या एका माणसानं त्याखाली लिहिलं, "हेच ना ते, खोट्या तिकिटात सापडलेले?" त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. मी या गावात एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आता माझं वय बहात्तर आहे. आप्पांनी खोटं काही केलं नाही, हे गावात माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आप्पा दिसायला काही विशेष नव्हते. बुटके, पोट थोडं पुढं, खाकी शर्टाचं वरचं बटण नेहमी लावलेलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सकाळी शाळेसमोरच्या हातपंपावर आंघोळ करून ते गाडीच्या सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसत आणि डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा करत. पूजा होईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. म्हाताऱ्या बाया दाराबाहेर पिशव्या घेऊन गुपचूप उभ्या राहत. ड्रायव्हर रशीदभाई बीडी विझवून ठेवी. म्हणे, "आप्पा का नमाज होने दो." पूजा झाली की आप्पा दारात येऊन म्हणत, "या. घाई करू नका. गाडी तुमचीच हाय."

गाडी तुमची आहे, हे ते बोलायचं म्हणून बोलत नसत. त्यांना तसंच वाटे. कुणी गुटखा थुंकला तर ओरडत नसत. त्या माणसाला विचारत, "घरी बी आसंच करता का?" आणि वाट बघत उभे राहत. तो माणूस "न्हाई" म्हणेपर्यंत हलत नसत. एकदा तर गाडी खड्या चढणीवर थांबवून त्यांनी एका दूधवाल्याकडून हे "न्हाई" वसूल केलं होतं. रशीदभाई वैतागून म्हणाला, "आप्पा, ब्रेक गरम हो रहे." आप्पा म्हणाले, "हू द्या. यांचं उत्तर येऊन राहिलंय."

पण त्यांचा खरा विषय म्हणजे शून्याचं तिकीट.

त्या काळात पंच्याहत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना लाल गाडीत प्रवास मोफत झाला, आणि पुढं काही महिन्यांनी बायांना अर्धं तिकीट. गावात त्याला सगळे फुकट म्हणत. आप्पांना तो शब्द अजिबात खपत नसे. त्यांच्या आधीचे कंडक्टर म्हाताऱ्यांना नुसतेच बसवून घेत. "बसा बाबा, तुम्हाला कुठलं तिकीट," म्हणत. म्हाताऱ्यांनाही ते बरं वाटे, माणूस दयाळू आहे असं वाटे. आप्पा आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात शून्याची पट्टी ठेवायला सुरुवात केली. गावातला एक आगाऊ माणूस म्हणाला, "आप्पा, फुकटाचं तिकीट कशाला? कागद वाया जातो."

आप्पा तिथंच थांबले. एका हातानं वरचा दांडा धरून त्यांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "फुकट न्हाई हे. तुमच्या वाट्याचं सरकार भरतं. आमच्या आगाराला मुंबईहून पैसे येतात ते या कागदावर. तुम्ही बसलाव हे सरकारला कळाय पाहिजे का न्हाई? कागद निघाला न्हाई तर त्यांच्या लेखी ही शीट खाली हाय. रोज खाली दिसली की एक दिवस साहेब म्हणतील, बाभूळदऱ्याला कुत्रंबी चढत न्हाई, कशाला गाडी सोडता?" मग त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही गाडी डिझेलवर चालत न्हाई बाबा. या कागदावर चालती."

हे बोलणं कोरडं नव्हतं. आप्पा येण्याआधीच गाडी बंद करण्याचा कागद वर गेलेला होता. गाडीत रोज किती जागा भरल्या याचा हिशेब आगारात ठेवतात, त्याला ते भारमान म्हणतात. आमच्या गाडीचं भारमान तळाला गेलं होतं, कारण अर्धी गाडी म्हाताऱ्यांनी भरलेली आणि त्यांचं तिकीटच कुणी काढत नव्हतं. आप्पा आल्यावर चार महिन्यांत तो कागद मागं पडला. आप्पांनी गावात पेढे वाटले नाहीत की कुणाला सांगितलंही नाही. रशीदभाईनं सांगितलं म्हणून कळलं.

सरकारचे पैसे उशिरा आले की कंडक्टर-ड्रायव्हरांचे पगारही लांबत. तेव्हा आप्पा तिकीट देताना म्हणत, "अव्वा, तुमचा मागचा कागद मुंबईला पोचला न्हाई वाटतं. माझा पगार अडकलाय." गंगाबाई म्हणे, "मी काय वाटंत खाल्ला का?" आणि कमरेच्या चंचीतून एक सुपारी काढून त्यांना देई. "हे घ्या, पगार येईपर्यंत चघळा."

आप्पा कुणालाही सवलत वाटत सुटत, असंही नव्हतं. गावात एक गृहस्थ आहेत, नाव लिहीत नाही. निराधाराचा पगार मिळावा म्हणून त्यांनी कागदोपत्री आपलं वय भरपूर वाढवून घेतलं होतं. खरं वय पासष्ट-सहासष्ट, कार्डावर सत्याहत्तर. ते ऐटीत कार्ड पुढं करत. आप्पांनी कार्ड बघितलं, माणूस बघितला.

"बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया गेलतास का रे बाबा?"

"गेलतो की. शाळा सोडून गेलतो. मिसरूडबी फुटलं नव्हतं."

"बराबर." आप्पांनी यंत्राचं बटण दाबलं. "कागद तुझ्या बाजूनं हाय, घे शून्याचं तिकीट. पर शीट मिळायची न्हाई. उभा ऱ्हा. मिसरूड न फुटलेल्या पोरानं म्हाताऱ्या मानसाला जागा द्यावी."

ते गृहस्थ कंधारपर्यंत उभे राहिले. त्यानंतर ते जीपनं जाऊ लागले.

आप्पांचं असं होतं. कागद खरा असेल तर ते मानत, आणि माणूस खरा असेल तर त्यालाही मानत. दोन्ही जुळले नाहीत तर काय करायचं, हे त्यांना नोकरीत कुणी शिकवलेलं नव्हतं.

आणि आमच्या गावात ते जुळत नव्हते. एका सकाळी ते माझ्याशेजारी येऊन टेकले. हातात तीन-चार कार्डं होती. म्हणाले, "गुरुजी, एक इचारू का? तुमच्या गावात एकाच दिवशी अकरा बाळंतपणं झालती का?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"ही बघा. गंगाअव्वा, एक जानेवारी. तो तांबोळी बाबा, एक जानेवारी. पाटलीनबाई, एक जानेवारी. साल बी एकच. अकरा कार्डं बघितली मी. सगळे एकाहत्तर वर्षांचे. सुईनबाईचं काय झालं आसंल हो त्या दिवशी?" आणि ते स्वतःच खो खो हसले. रशीदभाई पुढून ओरडला, "क्या हुआ आप्पा?" आप्पांनी त्यालाही सांगितलं. तोही हसला. मीही हसलो.

आज मला त्या हसण्याची लाज वाटते. आधार कार्डं काढायचं शिबिर त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी आमच्याच शाळेत भरलं होतं. संगणक घेऊन बाहेरची दोन मुलं आली होती. पण त्यांना द्यायचे कागदी फॉर्म मी भरत होतो. ओटीवर रांग लागलेली, ऊन चढलेलं, माझी निवृत्ती तोंडावर आलेली. म्हाताऱ्या माणसांजवळ पुरावा काहीच नव्हता. मी विचारायचो, वय किती? ते म्हणायचे, तुम्हीच लिहा गुरुजी. गंगाबाईनं मलाही सांगितलं होतं की ती आत्याच्या कडेवर होती. मी ते ऐकलं नाही. ऐकलं, पण मोजत बसायला माझ्याकडं फुरसत नव्हती. मी लिहिलं, साठ. मागच्याला साठ, त्याच्या मागच्याला साठ. अकरा माणसांची पाच-सहा वर्षं मी एका दुपारी खोडून टाकली. माझी हजेरीपुस्तकं तालुक्यात नमुना म्हणून दाखवत असत. त्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्यांच्या वयाला काय करायचंय?

हे मी आप्पांना त्याच वेळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

पंधरवड्यानं आप्पा आपल्या सुट्टीच्या दिवशी गावात आले. अंगात साधा पांढरा सदरा, पायात नवी चप्पल. गंगाबाईला आणि तांबोळी बाबांना घेऊन ते तहसीलला गेले. गंगाबाईला दर सोमवारी कंधारच्या सरकारी दवाखान्यातून रक्तदाबाच्या गोळ्या आणाव्या लागत. एकटी बाई, मूलबाळ नाही. अर्धं तिकीटही तिला दर आठवड्याला जड होतं. आप्पांचं म्हणणं असं की, "मी आज शून्याचं देतो ते माझ्या जिम्मेदारीवर. मी उद्या बदलून गेलो तर? कागद दुरुस्त झालेला बरा."

संध्याकाळी ते माझ्या ओसरीवर आले. दमले होते. मी पाणी दिलं. म्हणाले, "गुरुजी, तिथला क्लार्क चांगला मानूस हाय. तो म्हनला, वय अंदाजानं लिहिलं व्हतं असं त्या येळच्या फॉर्म भरणाऱ्यानं लिहून द्यावं, सोबत ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा. मग ते पुढं पाठवतील. शिबिर तुमच्या शाळेत झालतं ना? कोन व्हतं लिहायला?"

माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं. निवृत्तीवेतन. चौकशी. गावात लोक काय म्हणतील ते. गुरुजींनी आपलं वय खाल्लं म्हणतील, हेही आलं. मी म्हणालो, "बाहेरून पोरं आली होती, आप्पा. आता कुठली सापडायची."

पोरं खरंच बाहेरून आली होती. मी तोवर आयुष्यात धडधडीत खोटं बोललो नव्हतो. अर्धं खरं बोलायची मात्र मला चांगली सवय होती.

आप्पांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, "तेबी बराबर. पोरांना काय ठाऊक रझाकार." उठताना गंगाबाईच्या दाराकडे बघून म्हणाले, "जाऊ द्या. मी हाय तवर बसतील."

उन्हाळ्यात एका सोमवारी घाटाखालच्या फाट्यावर तपासणी पथकानं गाडी थांबवली. तिघं चढले. त्यांच्यातले साहेब तरुण होते, बोलायला सौम्य. त्यांनी तिकिटं बघितली, मग कार्डं बघितली. सात जणांच्या हातात शून्याचं तिकीट आणि कार्डावर वय एकाहत्तर. साहेबांना आधी वाटलं, काहीतरी चुकलं असेल. त्यांनी पुन्हा एकदा सगळी कार्डं बघितली.

"वाहक, ही तिकिटं कशावरून दिलीत?"

आप्पा सरळ उभे होते. म्हणाले, "वयावरून साहेब."

"वय एकाहत्तर आहे."

"कार्डाचं एकाहत्तर. मानसाचं जास्त हाय."

"ते कशावरून?"

"रझाकारावरून."

पथकातला एक जण हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं की या तिकिटांचे पैसे शासन देतं, उद्या लेखापरीक्षणात हे निघालं तर शासनाची फसवणूक ठरते, आणि एका गाडीचं असं निघालं तर सगळ्या आगाराच्या मागणीवर शंका येते. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्यांच्यासमोर अकरांपैकी सात माणसं होती, सगळी एकाच तारखेला जन्मलेली. कुणालाही डाव वाटला असता.

गंगाबाई उभी राहिली. "ओ साहेब, आप्पाला काय बोलू नका. मी आत्याच्या कडेवर व्हते. माझं काय खोटं हाय? मी मरायला आले, आन तुम्ही मला एकाहत्तरची म्हनून राहिलाव?"

"आजी, तुम्ही बसा."

"न्हाई बसत. मी उतरते. माझ्यापायी त्याची नोकरी कामून घेता?"

आप्पा तिला म्हणाले, "अव्वा, बसा. तुमच्याकडं तिकीट हाय."

साहेबांनी गाडीत नजर फिरवली. साक्षीला शिकलेला माणूस हवा होता. मी तिसऱ्या सीटवर होतो. कुणीतरी म्हणालं, "गुरुजी हायत की." त्यांनी माझ्यापुढं पॅड धरलं. म्हणाले, "तुम्ही जे पाहिलं तेवढंच लिहा."

आप्पा माझ्याकडं बघत होते. विनवणी नव्हती त्या नजरेत. भरवसा होता. गुरुजी आहेत, आता नीट होईल, असं त्यांना वाटलं असावं. मी एकाच वाक्यात सगळं सोडवू शकलो असतो: या सात जणांची वयं मी अंदाजानं लिहिली, ती चुकीची आहेत, यांना मी लहानपणापासून ओळखतो आणि हे माझ्याहून कितीतरी मोठे आहेत. मी लिहिलं, "वाहकाने ओळखपत्रातील वय विचारात न घेता माझ्यासमोर तिकिटे दिली." खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

शब्दाशब्दाला खरं होतं ते.

आप्पांनी तो कागद वाचला. त्यांचीही सही त्याखाली लागत होती. वाचून त्यांनी पेन उचललं आणि सही केली. मला म्हणाले, "बराबर लिहिलंय गुरुजी." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मग यंत्राची पिशवी काखेला नीट करून ते पुढं गेले आणि फाट्यावर नव्या चढलेल्या माणसाला विचारलं, "कुठं?"

दुसऱ्या आठवड्यापासून आप्पा दिसले नाहीत. निलंबित झाले होते. नवा कंडक्टर आला तो कार्ड बघितल्याशिवाय बोलत नसे. त्याचंही बरोबरच होतं. सात-आठ म्हातारी माणसं यायची बंद झाली. सोमवारची गर्दी ओसरली. नव्या कंडक्टरच्या यंत्रात रिकाम्या जागा तंतोतंत नोंदल्या जाऊ लागल्या. पुढच्या वर्षी आधी मुक्काम बंद झाला. नंतर सकाळची फेरी उशिरा येऊ लागली, मग दिवसाआड, मग एके दिवशी आलीच नाही. आम्ही चौघं-पाचजण शाळेसमोर दहा वाजेपर्यंत उभे होतो. कुणी सांगायलाही आलं नाही.

गंगाबाई मधल्या काळात जीपनं जाई. जीपवाला तिला टपावरच्या पोत्यांइतकंच मोजे. मग महिन्यातून एकदा जाऊ लागली. गोळ्या पुरवून पुरवून घेई, एक दिवसाआड. मी म्हणालो होतो, मी आणून देतो. ती म्हणाली, "तुम्ही कशाला गुरुजी. तुमचं बी वय झालं." एका सकाळी तिला चुलीपुढं लकवा मारला. नांदेडला नेईपर्यंत बोलणं गेलं होतं. अकराव्या दिवशी गेली. मृत्यूच्या दाखल्यासाठी मीच ग्रामपंचायतीत गेलो होतो. तिथं वयाच्या रकान्यात कार्डावरून बघून वय लिहिलं गेलं. मी समोरच बसलो होतो. तिथंही मी काही बोललो नाही.

आप्पांची चौकशी लांबली. फसवणुकीचा हेतू सिद्ध झाला नाही म्हणून कामावर घेतलं, पण वेतनवाढी रोखल्या आणि दूरच्या आगारात पाठवलं. पुढं ते निवृत्त झाले. हे सगळं मला रशीदभाईनं एकदा बाजारात सांगितलं. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

शेवटी आप्पा भेटले ते लातूरच्या स्टँडवर. मी डोळ्याच्या ऑपरेशननंतर दाखवायला गेलो होतो. उदगीरच्या फलाटावर गर्दीत एक बुटका माणूस पिशवी छातीशी धरून उभा दिसला. सदरा, धोतर, वरचं बटण लावलेलं. फार वाळले होते. मी ओळख द्यावी की नाही या विचारात असतानाच त्यांनीच मला बघितलं.

"अरे, गुरुजी!" ते लोकांना सारत माझ्याकडं आले. माझे दोन्ही हात धरले. "डोळ्याला काय झालं? पट्टी कसली? दिसतंय ना?"

मी म्हणालो, दिसतंय. मग मी विचारलं, "तुमचं काय चाललंय?"

"रोखलेल्या वाढीची माझी फाईल चालू हाय अजून. मी बसलोय घरी, पर ती चालती. माझ्याहून लई जीव हाय तिच्यात." ते हसले. मग थोडं पुढं झुकून, जणू घरच्या माणसाची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "आपली बाभूळदऱ्याची गाडी येती ना टायमावर?"

गाडी बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचं तोंड बघून मला कळलं की एवढं सगळं सोसल्यावर त्यांच्याजवळ ती एकच गोष्ट शिल्लक होती: आपण होतो म्हणून ती गाडी राहिली.

सांगायचं ते मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. सगळंच. फॉर्म, अक्षर, गंगाबाई. गेली तीन वर्षं मी ते मनात कितीतरी वेळा जुळवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "येते की. वेळेवर येते."

"भरून जाती ना?"

"सोमवारी तर पाय ठेवायला जागा नसते."

आप्पांनी डोळे मिटून मान हलवली. फार सुखावले होते. आयुष्यातलं माझं ते पहिलं पूर्ण खोटं.

उदगीरची गाडी लागली. लोक धावले. मी त्यांची पिशवी धरली, ते चढले, आणि बऱ्याच वेळानं खिडकीत दिसले. मी पिशवी आत दिली. कंडक्टरनं घंटी मारली तसं ते एकदम आठवल्यासारखे बाहेर वाकले.

"गुरुजी, गंगाअव्वाला सांगा. मी मोजून ठेवलंय. पुढच्या एक जानेवारीला त्यांना कार्डावरबी पंच्याहत्तर पुरी व्हतात. मग कुनी हात लावू शकत न्हाई. बिनघोर बसा म्हनावं. तिकीट मात्र मागून घ्या म्हनावं!"

"सांगतो," मी म्हणालो.

गाडी मागं सरकून वळली. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई त्यांच्याशेजारी उभी होती. आप्पा उठले, खिडकीची जागा त्यांनी तिला दिली, आणि वरचा दांडा धरून उभे राहिले. ती गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती.